लॉ सीईटी किंवा क्लॅट परत द्यायची का? ड्रॉप घ्यायच्या आधी एक कागद घ्या

निकाल लागला की पंधरा दिवस आमच्या घरची बेल वाजत असते. मी नाशिकच्या कोर्टात ज्युनिअर आहे, म्हणजे बार रूममध्ये सिनिअरच्या टेबलाला खुर्ची लावून बसते, तारखा लिहिते, झेरॉक्सला पळते, एवढंच, पण कॉलनीत माझी 'वकील ताई' झालीये त्यामुळे कोणाचं ना कोणाचं पोरगं घेऊन आई-वडील येतात आणि चहा संपायच्या आत प्रश्न येतो, ताई मार्क जरा कमी पडलेत, परत द्यायची का परीक्षा? आणि मी लगेच हो-नाही सांगत नाही म्हणून त्यांना वाटतं ही टाळतेय.

टाळत नाहीये. मी स्वतः हे केलंय आणि चुकीचं केलंय. 2018 ला बारावीनंतरच्या 5 वर्षांच्या लॉची सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा दिली, तेव्हा पेपर 150 चा असायचा, मला 91 पडले. नाशिकमध्ये सीट मिळत होती, पण डोक्यात पुणे-मुंबई, म्हणून कॅपचा, म्हणजे सेंट्रल ॲडमिशनचा, फॉर्मच भरला नाही आणि वर्षभर ड्रॉप, कुठेच ॲडमिशन न घेता परत तयारी. परत तोच क्लास, त्याच नोट्स, तीच बेंच. क्लासवाल्यांनी रिपीटर बॅच म्हणून वेगळी फी घेतली आणि शिकवलं तेच, पहिल्या बॅचच्या मागे बसवून. 2019 ला पडले 94. एका वर्षात 3 मार्क. ज्या कॉलेजला आदल्या वर्षी नाक मुरडलं तिथेच ॲडमिशन घेतली आणि माझ्याबरोबरची मैत्रीण तेव्हा सेकंड इयरला होती. ती चिडवायची नाही, तेच जास्त लागायचं.

म्हणून आता कोणी आलं की मी सांगते, परत द्यायची की नाही हे मार्क किती पडले यावरून ठरत नाही, मार्क कुठे गेले यावरून ठरतं. ते कसं काढायचं ते खाली क्रमाने लिहितेय, आणि क्रम तोडू नका कारण प्रत्येक जण शेवटच्या पायरीपासून सुरू करतो, म्हणजे 'कोणता क्लास लावू'.

1. आधी कॅपचा फॉर्म भरा, मग विचार करा

हे सगळ्यात आधी कारण याला तारीख असते आणि विचाराला नसते. सीईटी दिली म्हणजे ॲडमिशनच्या रांगेत लागलो असं नाही, कॅपचं रजिस्ट्रेशन वेगळं करावं लागतं, डॉक्युमेंट अपलोड, व्हेरिफिकेशन, मग ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीची यादी. ज्याचं 'बहुतेक ड्रॉपच घेणार' चाललंय त्याने तर नक्की भरा. फॉर्म भरला म्हणून कोणी ॲडमिशन घ्यायला जबरदस्ती करत नाही, पण नाही भरला तर पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये तुमच्या हातात निवडायला काहीच उरत नाही, मग तो निर्णय राहत नाही, नाईलाज होतो. माझं तेच झालं. ऑप्शन भरताना मात्र त्या वर्षीचे नियम नीट वाचा, कुठला राऊंड घेतला की अडकता आणि कुठपर्यंत पुढच्या राऊंडला जाता येतं ते तिथे लिहिलेलं असतं, सायबर कॅफेवाल्या दादाच्या भरवशावर सोडू नका, त्याला दिवसाला चाळीस फॉर्म भरायचे असतात.

2. कुठली परीक्षा परत द्यायचीये ते नक्की करा

घरी येणारे निम्मे लोक 'लॉची एन्ट्रन्स' म्हणतात आणि त्यात सीईटी आणि क्लॅट दोन्ही एकत्र करून टाकतात. दोन्ही वेगळ्या.

राज्याची सीईटी कॉम्प्युटरवर, 120 प्रश्न, 2 तास, नेगेटिव्ह मार्किंग नाही. इंग्रजीचा भाग सोडला तर पेपर मराठीतही बघता येतो, हे दिंडोरी-निफाड-येवल्याकडून मराठी मीडियममधून आलेल्या पोरांसाठी फार मोठी गोष्ट आहे आणि बऱ्याच जणांना हे परीक्षेच्या हॉलमध्ये कळतं. डिग्रीनंतरच्या 3 वर्षांच्या लॉच्या पेपरमध्ये इंग्रजी 40, जीके 32, लीगल 24, लॉजिकल 24. 5 वर्षांच्यामध्ये लीगल आणि लॉजिकल 32-32, जीके आणि इंग्रजी 24-24 आणि गणित 8. या आकड्यांचं पुढे काम आहे.

क्लॅट म्हणजे नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांची, आपल्या राज्यात त्या मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. पेन-पेपर, डिसेंबरमध्ये, दुपारी 2 ते 4, हे पण 120 प्रश्न पण सगळे उताऱ्यांवर आणि चुकलं की 0.25 कट. फक्त इंग्रजीत. फॉर्मलाच जनरलवाल्यांचे 4,000 जातात. दिल्लीच्या एनएलयूसाठी क्लॅट चालत नाही, त्यांची एआयएलईटी वेगळी.

दोन्हीकडे मार्क त्या वर्षापुरतेच धरतात, म्हणजे परत दिली की जुने मार्क खिशात ठेवून नवे आजमावता येत नाहीत. आणि किती वेळा द्यायची यालाही मर्यादा नाही, त्यामुळे 'हा शेवटचा चान्स' असं कोणी घाबरवत असेल तर तो क्लासची फी मागतोय.

3. हुकलेल्या मार्कांचे चार ढीग करा

इथे वेळ घालवा, एक अख्खी संध्याकाळ द्या.

सीईटीवाल्यांनी एक लक्षात ठेवा, परीक्षेनंतर ऑब्जेक्शनची, म्हणजे उत्तरांवर हरकत घ्यायची, विंडो उघडते तेव्हा लॉगिनमध्ये प्रश्न, तुमचं उत्तर आणि त्यांचं उत्तर तिन्ही दिसतं. ऑब्जेक्शन घ्यायचं नसलं तरी तेव्हाच सगळं डाउनलोड करून ठेवा, स्क्रीनशॉट काढा, कारण विंडो थोडे दिवसच असते आणि नंतर हात चोळत बसता. क्लॅटवाल्यांकडे प्रश्नपत्रिका घरी असतेच.

आता कागदावर चार रकाने. एक, मला हे माहीतच नव्हतं. दोन, दोन ऑप्शनपर्यंत आले आणि चुकीचा धरला. तीन, येत होतं पण वाचण्यात चूक झाली, 'नाही' हा शब्द दिसला नाही, 'खालीलपैकी अयोग्य' ला योग्य धरलं वगैरे. चार, वेळच पुरला नाही, पोचलेच नाही. प्रत्येक चुकलेला प्रश्न परत वाचायचा आणि एका रकान्यात एक रेघ मारायची. स्वतःशी खोटं बोलायचं नाही. सगळ्यांना वाटतं आपलं सगळं तिसऱ्या रकान्यात आहे, सिली मिस्टेक सिली मिस्टेक, पण उत्तर बघितल्यावर 'अरे हो' वाटणं म्हणजे येत होतं असं नाही.

माझ्या मावसबहिणीचं उदाहरण देते, तिला विचारलंय. सिडकोत राहते, 5 वर्षांची सीईटी. 71 बरोबर, 34 चूक, 15 कोरे. नेगेटिव्ह मार्किंग नसलेल्या पेपरमध्ये 15 कोरे! मी विचारलं का गं, तर म्हणे वेळ संपला, स्क्रीन बंद झाली. लॉजिकलची एक बसण्याची रचना, तो अमुक तमुकच्या डावीकडे, त्यात 11 मिनिटं घालवली होती तिने, चार मार्कांसाठी. मग 34 चुकांचे ढीग केले डायनिंग टेबलवर, मावशी बाजूला मेथी निवडत होती आणि मधे मधे विचारत होती झालं का. माहीत नव्हतं 13, दोनातला चुकीचा 12, वाचण्यात चूक 9.

आता हिशोब करा. ज्या 105 प्रश्नांना तिने हात लावला त्यातले 71 बरोबर, म्हणजे साधारण तीनातले दोन. वेळ पुरला असता तर त्या 15 मधले 10 तरी आलेच असते. नुसतं शेवटच्या मिनिटाला डोळे मिटून सगळ्यांना 'ब' टिचकावलं असतं तरी चारात एक या हिशोबाने 3-4 मिळाले असते. वाचण्याच्या 9 चुकांपैकी निम्म्या सुधारता येतात असं धरलं तरी 4-5. म्हणजे एकही नवीन गोष्ट पाठ न करता 14-15 मार्क तिथेच पडले होते, आणि हे मार्क सवयीने मिळतात, घड्याळ लावून सराव केला की. हिने परत देण्यात अर्थ होता.

त्याच आठवड्यात आमच्या समोरच्या बिल्डिंगमधला मुलगा आला. त्याचे 78, हिच्यापेक्षा 7 जास्त. कोरा एकही नाही, चूक 42. ढीग केले तर माहीत नव्हतं 33, दोनातला 6, वाचण्यातली चूक 3. बघा, मार्क जास्त पण हात घालायला जागा कमी. त्याने वेळ नीट वापरला, डोकं शांत ठेवलं, जे येत होतं ते सगळं लिहून आला. त्याला वाढवायचे तर 33 वाल्या ढिगातून वाढवायचे, म्हणजे नवीन माहिती आणि नवीन इंग्रजी, आणि हे हळू वाढतं. जीकेची तर गंमत अशी की करंट अफेअर्स वर्षाने शिळं होतं, गेल्या वर्षी रट्टा मारलेलं यंदा कोणी विचारत नाही, त्या भागात रिपीटर आणि नवा मुलगा एकाच रेषेवर उभे असतात. क्लासवाले हे सांगत नाहीत. मी त्याला म्हटलं मिळेल ती सीट घे. त्याचे वडील जरा नाराज झाले, त्यांना वाटलं हुशार मुलाला मी खाली ओढतेय.

क्लॅटवाल्यांचा दुसऱ्या रकान्याचा हिशोब थोडा वेगळा. 'नेगेटिव्ह आहे म्हणून सोडून दिलं' हे फार ऐकते. चार ऑप्शनमधून आंधळा बाण मारला तर सरासरी फायदा 0.06 च्या आसपास, म्हणजे 16 प्रश्न असे मारले तर 1 मार्क, ना फायदा ना तोटा म्हणा. पण एक ऑप्शन नक्की चूक आहे हे कळलं असेल तर तीनातून मारताना सरासरी 0.17 मिळतात आणि दोन उरले असतील तर 0.375. म्हणजे दोनावर येऊन सोडून दिलेले 10 प्रश्न म्हणजे साडेतीन-पावणेचार मार्क स्वतःहून टाकून दिले. क्लॅटमध्ये एवढ्यावर रँक कुठल्या कुठे जाते. 1 डिसेंबर 2024 च्या पेपरच्या मोजक्या प्रश्नांवरून प्रकरण हायकोर्ट-सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि मे 2025 मध्ये निकाल दुरुस्त करायला लागला, ते उगाच नाही.

4. हा स्कोअर तुमचा खरा स्कोअर आहे का

परीक्षेच्या आधी दिलेल्या शेवटच्या पाच मॉकचे, म्हणजे सराव पेपरचे, मार्क काढा. सगळ्यात चांगल्या मॉकचे नाही, पाचही. त्यांची सरासरी आणि खरे मार्क शेजारी ठेवा.

सरासरी बरीच वर असेल, म्हणजे मॉकला 85-86 येत होते आणि प्रत्यक्षात 72, तर त्या दिवशी काहीतरी झालं, ताप होता, मशीन हँग झाली, पाळी होती, घरात काही चाललं होतं. अशा वेळी परत द्यायला हरकत नाही. पण सरासरी आणि खरे मार्क जवळपास सारखेच असतील तर वाईट वाटून घेऊ नका पण हेच तुमचे मार्क आहेत, आणि तीच तयारी परत केली तर तेच परत येणार. माझे मॉक 89, 93, 90 असे यायचे आणि मी म्हणत होते की नशीब वाईट. नशिबाचा काय संबंध, 91 च पडायचे होते.

मॉकच दिल्या नसतील तर आता एक द्या. निकालानंतर तीन आठवड्यांनी, काहीही न वाचता, रविवारी दुपारी 2 ते 4, मोबाईल दुसऱ्या खोलीत. नाशिकमध्ये रविवारी दुपारी खालून वरात जाईल, वरच्या मजल्यावर मिक्सर लागेल, जाऊ दे, थांबायचं नाही. काही न वाचता दिलेल्या पेपरला खऱ्या परीक्षेपेक्षा मार्क जास्त आले तर भीतीने खाल्ले होते. तेवढेच आले तर ती तुमची जमीन आहे, तिथून वर जायचंय.

5. वाढलेल्या मार्कांनी मिळणार काय

मार्क वाढणं वेगळं आणि कॉलेज बदलणं वेगळं. सीईटीत तर कट-ऑफ पर्सेंटाईलवर चालतो. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत हे दरवर्षी कोणाला तरी समजवावं लागतं, समजा 60,000 जण बसले आणि तुम्हाला 90 पर्सेंटाईल, तर तुमच्या पुढे 6,000 जण आहेत. 90 चे 94 झाले तर पुढे 3,600. मधल्या पट्ट्यात गर्दी जास्त म्हणून तिथे 4-5 मार्कांत बरेच जण ओलांडता येतात, वर गर्दी विरळ होते आणि पर्सेंटाईलच्या एकेका टप्प्याला जास्त मार्क लागतात.

गेल्या वर्षीच्या कॅपच्या कट-ऑफ लिस्ट काढा, शेवटच्या राऊंडची बघा, तुमच्या कॅटेगरीची बघा. दोन रंगांचे पेन घ्या. आजच्या मार्कांत मिळणारी कॉलेजं हिरव्यात, ढिगांच्या हिशोबाने वाढलेल्या मार्कांत मिळू शकणारी निळ्यात. मग निळ्यातल्या प्रत्येक नावासमोर एकच प्रश्न, मी तिथे खरंच जाणार का? मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज 1855 चं, फी पण काही हजारांत, नाव मोठं, पण राहणार कुठे? मुंबईत खोलीचं भाडं फीच्या कितीतरी पट जातं. आणि 'पंचवटी एक्सप्रेसने अप-डाऊन करीन' म्हणणारे मी तीन पाहिलेत, दिवाळीनंतर कोणी केलेलं नाही पाहिलं. पुण्याचं आयएलएस तसंच, पुण्याला तर रोजचं अप-डाऊन विसराच.

घरून बाहेर पाठवणार नसतील, विशेषतः मुलींच्या बाबतीत हे आधी विचारून घ्या गं, तर निळी यादी आपोआप कोरी होते. मग कॉलेज रोडचं एनबीटी किंवा गंगापूर रोडचं मविप्रचं लॉ कॉलेज हिरव्यातच असेल तर वर्ष कशासाठी घालवायचं? नाशिकमध्येच वकिली करायची असेल तर जिल्हा कोर्ट इथे सीबीएसला आहे, सेकंड इयरपासून एखाद्या सिनिअरकडे संध्याकाळी जाऊन बसा, फाइल कशी लावतात, रोजनामा, म्हणजे केसमध्ये त्या त्या तारखेला काय झालं त्याची नोंद, कसा वाचतात हे त्यात जे शिकाल ते कुठल्याही मोठ्या नावात फुकट मिळत नाही. उलट कॉर्पोरेट फर्मचं डोक्यात असेल तर कॉलेजच्या नावाने फरक पडतो, खोटं कशाला बोलू, तिथे एनएलयूसाठी एक वर्ष घालवणं समजू शकते. पण एनएलयूची वर्षाची फी लाखांत असते, एज्युकेशन लोनचा विषय निकालानंतर नको, आत्ताच काढा. महाराष्ट्रातल्या तिन्ही एनएलयूत इथल्या डोमिसाईलवाल्यांना राखीव जागा आहेत, कट-ऑफ बघताना ती रांग बघा, ऑल इंडियाची बघून हाय खाऊ नका.

6. वर्ष कसं घालवायचं, तीन रस्ते

पूर्ण ड्रॉप. दिसतो सोपा, असतो सगळ्यात अवघड. पहिले दोन महिने बरे जातात, गणपतीत दहा दिवस जातात, मग मित्रांचे कॉलेजचे स्टेटस दिसायला लागतात. ड्रॉप घ्यायचा तर तिसऱ्या आणि चौथ्या ढिगात भरपूर मार्क असले पाहिजेत, आणि तयारीची पद्धत बदलणार हे ठरलेलं पाहिजे. तोच क्लास तीच नोट परत असेल तर माझे 3 मार्क आठवा.

सीट घेऊन परत देणे. मला हाच आवडतो. लॉची कॅप दरवर्षी रेंगाळते, कॉलेज नीट सुरू होईपर्यंत पावसाळा सरतो, त्यामुळे क्लॅटच्या डिसेंबरपर्यंत तुमच्याकडे बऱ्यापैकी मोकळा वेळ असतो, सीईटीला तर त्याहून जास्त. पण बार कौन्सिलच्या नियमाने 70 टक्के अटेंडन्स लागते, ती सोडू नका, कारण दुसऱ्यांदा नाही जमलं तर हेच कॉलेज तुमचं आहे. एक माहिती असू द्या, लॉला मधल्या वर्षात लॅटरल एंट्री नसते, नवीन सीट मिळाली की परत पहिल्या वर्षापासून. म्हणजे कॅलेंडरच्या हिशोबाने वर्ष जातंच, फरक एवढाच की हातात काहीतरी असतं.

तिसरा रस्ता बारावीवाल्यांना कोणी सांगत नाही. 1 वर्ष ड्रॉप अधिक 5 वर्षं लॉ म्हणजे 6. बीकॉम किंवा बीए 3 वर्षं अधिक 3 वर्षांचं एलएलबी, ते पण 6! फक्त दुसऱ्यात मधेच एक डिग्री हातात पडते आणि सीईटी द्यायला तीन वर्षं मोठे झालेले असता, वाचन वाढलेलं असतं. ज्याचा 'माहीतच नव्हतं' ढीग मोठा आहे त्याला मी हाच सांगते, समोरच्या बिल्डिंगवाल्याला पण सांगितला होता.

जज व्हायचंय म्हणणाऱ्यांनी अजून एक गोष्ट मोजा. 20 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने सिव्हिल जज ज्युनिअर डिव्हिजनच्या परीक्षेला 3 वर्षं वकिलीची अट परत आणली. म्हणजे डिग्री झाली की लगेच जेएमएफसीला, म्हणजे याच जजच्या परीक्षेला, बसू हा हिशोब गेला. आज घालवलेलं वर्ष त्या तीनच्या आधी जोडलं जातं, तिथे तुम्ही कुठल्या कॉलेजचे हे कोणी फार विचारत नाही, कायदा येतो का आणि मराठीत नीट लिहिता येतं का हे बघतात.

7. घरी सांगणे

कागद पुढे ठेवा. 'मला वाटतं मी करू शकतो' याने बाप कधी ऐकलाय? माझ्या मावशीने ढीग बघितले, मेथीची काडी बाजूला ठेवली आणि म्हणाली, म्हणजे येत होतं तर, लिहिलं नाहीस एवढंच ना. काका तर म्हणाले घड्याळ घेऊन देतो. इतका सोपा विषय झाला. नातेवाईकांना तूर्त काही सांगू नका, रिझल्टच्या दिवशी फोन येतीलच.

8. कागदपत्रं, हे आत्ताच

ड्रॉप घेतला की पुढच्या वर्षी गॅपचं ॲफिडेव्हिट लागतं, नोटरीकडून होतं. ओबीसी, एसईबीसी वगैरेंचं नॉन क्रीमी लेयर पुढच्या वर्षीच्या ॲडमिशनला चालेल अशा तारखेचं आहे का बघा, ईडब्ल्यूएसचं तर नवीनच काढावं लागतं. जून-जुलैत सेतूमध्ये काय गर्दी असते ते सांगायला नको, सगळ्या इंजिनिअरिंगची पोरं पण तिथेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये चौकशी करा. कास्ट व्हॅलिडिटी नसेल तर ड्रॉपच्या वर्षातलं सगळ्यात उपयोगी काम तेच, खरंच सांगते. आणि सीट घेऊन परत देणाऱ्यांनी ॲडमिशन कॅन्सल करायच्या, फी परत मिळायच्या तारखा कॉलेजकडून लेखी विचारून ठेवा, ओरिजिनल एलसी तिकडे अडकलेली असते.

9. थांबायची तारीख

क्लॅटवाल्यांनी दसरा, सीईटीवाल्यांनी संक्रांत. त्या आठवड्यात एक अख्खी मॉक, घड्याळ लावून, आणि परत चार ढीग. जे ढीग कमी व्हायला हवे होते ते कमी झाले का, बस एवढंच बघायचं. झाले नसतील तर सीट घेतलेल्याने परीक्षा सोडून सेमिस्टरकडे लक्ष द्यावं, ड्रॉपवाल्याने पद्धत बदलावी, तेवढा वेळ अजून असतो.

मावसबहिणीने नाशिकमध्येच सीट घेतली होती, लेक्चर करून घरी आली की रोज 40 प्रश्न 40 मिनिटांत, आणि एक नियम, दीड मिनिटात नाही सुटलं तर खूण करून पुढे. संक्रांतीला तिने मॉक दिली तेव्हा कोरे 2 होते आणि वाचण्यातल्या चुका 4. फोनवर मार्क न सांगता आधी तेच सांगितलं तिने. मी म्हटलं ठीके, फॉर्म भर.